स्मार्ट ट्रेनर घ्यायचाय? आधी मागचं चाक, फोनचं ब्लूटूथ आणि घरातला कूलर बघा

अमरावती-अकोला हायवेवर सायकल चालवायला रस्ता नाही असं कुणी म्हणू शकत नाही. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्यापर्यंत जाऊन परत आलात तर साधारण २०० किलोमीटर होतात. म्हणजे बीआरएमची पहिली पायरी, जी साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते.

अडचण रस्त्याची नाही, उन्हाची आहे. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं होतं. कर्फ्यू दंगलीसाठी लागतो हे आपल्याला माहीत होतं, उन्हासाठीही लागतो हे तेव्हा कळलं. अशा दिवसांत सायकलिंगला उरतात ते पहाटेचे दीड-दोन तास. रात्री ऑफिस संपवून निघालात तर हायवेवर ट्रकची रांग.

म्हणून दरवर्षी मार्च संपत आला की इनडोअर ट्रेनरचा विषय निघतो. यंदा अकोल्याच्या एका मित्राने शॉपिंग साइटची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "भाऊ, हा घेऊ का? स्मार्ट लिहेल हाये." त्याला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या नोकरीतल्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न आहे आणि चुकीचा ट्रेनर घरात आला तर जुलैपासून त्यावर टॉवेल वाळत घातले जातात.

"स्मार्ट" म्हणजे नक्की काय?

ट्रेनर म्हणजे काय ते आधी एका ओळीत. तुमचीच सायकल एका स्टँडवर बसवायची, मागच्या बाजूला अवरोध लावायचा आणि जागच्या जागी पॅडल मारायचे. काही ट्रेनरमध्ये मागचं चाक तसंच राहतं आणि टायर एका रोलरवर टेकतो. याला व्हील-ऑन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मागचं चाक काढून ठेवायचं आणि फ्रेम थेट ट्रेनरवर चढवायची, तो डायरेक्ट-ड्राइव्ह.

"स्मार्ट" हा शब्द मात्र दोन्हींच्या खोक्यांवर सर्रास छापतात आणि खरा घोळ तिथेच आहे. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात ट्रेनर फक्त चाकाचा वेग आणि पॅडलचे फेरे फोनला कळवतो. दुसऱ्यात तो तुम्ही लावलेली ताकद वॉटमध्ये मोजून सांगतो. तिसऱ्यात फोन ट्रेनरला हुकूम देऊ शकतो: आता ५ टक्के चढ कर, आता १५० वॉटवर धरून ठेव. अ‍ॅपमध्ये घाट आला की पॅडल आपोआप जड होणं ही गंमत फक्त तिसऱ्या प्रकारात आहे. पहिल्या दोन प्रकारांत घाट स्क्रीनवर दिसतो, पायांना काही कळत नाही.

मग खोक्यावर न जाता हे ओळखायचं कसं? इथे तुमचा फोन कामाला येतो. ब्लूटूथवरची उपकरणं आपण काय काय करू शकतो हे ठरावीक क्रमांकांतून जाहीर करतात. या क्रमांकांना सर्व्हिस म्हणतात आणि ते जगभर सारखे असतात. प्ले स्टोअरवर नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपनीचं 'एनआरएफ कनेक्ट' नावाचं फुकट अ‍ॅप आहे. ते उघडा, ट्रेनर सुरू करून दोन पॅडल मारा, स्कॅन करा, यादीत ट्रेनर दिसला की कनेक्ट करा आणि सर्व्हिसची यादी बघा. शून्य-एक्सच्या पुढे १८१६ म्हणजे फक्त वेग आणि पॅडलचे फेरे. १८१८ म्हणजे ताकदीचं मोजमाप. आणि १८२६, ज्यापुढे 'फिटनेस मशीन' असं नाव दिसतं, ती आपल्याला हवी आहे. अ‍ॅपकडून ट्रेनरला आदेश जातो तो याच रस्त्याने. तिचं छोटं नाव एफटीएमएस.

एक सूट द्यायला हवी. काही जुने चांगले ट्रेनर हा प्रमाण रस्ता येण्याआधीचे आहेत आणि स्वतःच्या कंपनीच्या भाषेत किंवा अँट प्लसवरून आदेश घेतात. अशा ट्रेनरमध्ये १८२६ दिसली नाही तरी तो नियंत्रित होऊ शकतो. पण बहुतेक फोनना अँट प्लस येत नाही, लॅपटॉपला वेगळा डोंगल लागतो. फक्त फोनवर चालवणार असाल तर मी १८२६ शिवाय पुढे जाणार नाही. ऑनलाइन घेताना स्कॅन करता येत नाही, तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारायचं: "एफटीएमएस आहे का, आणि अ‍ॅपमधून रेझिस्टन्स बदलतो का?" "हो सर, ब्लूटूथ आहे" हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

मित्राने पाठवलेल्या लिंकमध्ये ब्लूटूथ होतं, मोबाइल अ‍ॅप होतं, आणि अवरोध बदलायला हँडलला लावायचा वायरचा खटका होता. खटका हाताने बदलायचा असेल तर तो तिसऱ्या प्रकारचा ट्रेनर नाही. वाईट वस्तू नव्हती ती, पण तिची किंमत "स्मार्ट" या शब्दाची होती.

तुमची सायकल ट्रेनरवर बसते का?

इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू कार्बनच्या रोड बाइकवाल्यांनी लिहिलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडत नाही. आपल्याकडे बहुतेकांकडे सात-स्पीडची गिअरवाली एमटीबी किंवा हायब्रिड असते आणि तिच्या मागच्या चाकावर बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं, कॅसेट नाही. दिसायला दोन्ही सारखेच दातेरी चकत्यांचे मनोरे. फरक असा की फ्रीव्हील आटे फिरवून चाकावर बसतं आणि खटखट करणारी यंत्रणा त्याच्या पोटात असते. कॅसेट नुसत्या चकत्या असतात, यंत्रणा चाकाच्या हबमध्ये असते. डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरवर कॅसेटच बसते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक काढा, चकत्या उलट फिरवा आणि मधे जिथे पाना घालायचे खाचे असतात तिकडे बघा. खाचे चकत्यांबरोबर फिरले तर कॅसेट. खाचे जागेवर थांबले आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील निघालं म्हणून दार बंद होत नाही. डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये तुमचं चाक बाजूलाच ठेवायचं असतं, त्यामुळे ट्रेनरवर वेगळी सात-स्पीड कॅसेट आणि उरलेली जागा भरायला स्पेसर लावून काम होतं. गिअर थोडे जुळवून घ्यावे लागतात. चांगल्या सायकल मिस्त्रीचं अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त त्याला ट्रेनरचा तो भाग दाखवायला घेऊन जा, नुसत्या तोंडी वर्णनावर तो गोंधळेल. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतरही मोजून घ्या. रोड बाइकला ते १३० मिलिमीटर असतं, एमटीबी-हायब्रिडला १३५. हे दोन्ही जवळपास प्रत्येक ट्रेनरला चालतात. थ्रू-अ‍ॅक्सल असेल तर १४२ किंवा १४८ चा अडॅप्टर खोक्यात आहे का ते विचारा. बिनगिअरच्या साध्या काळ्या सायकलीचं अंतर कमी असतं आणि साखळी जाड असते. ती डायरेक्ट-ड्राइव्हवर चढवायच्या भानगडीत पडू नका.

हल्ली काही ट्रेनरवर कॅसेटऐवजी एकच चकती येते आणि गिअर अ‍ॅपमधून आभासी बदलतात. झ्विफ्टची अशी चकती आहे, ती अधिकृतपणे ८ ते १२ स्पीडच्या साखळीसाठी आहे. घरातल्या दोन-तीन जणांना वेगवेगळ्या सायकली एकाच ट्रेनरवर लावायच्या असतील तर कल्पना झकास आहे, पण आभासी गिअर तुमच्या अ‍ॅपमध्ये चालतात का हे आधी तपासा.

व्हील-ऑन घेणार असाल तर वेगळी यादी. एमटीबीचे खडबडीत गोट्यांचे टायर रोलरवर चालत नाहीत. घरघर इतकी होते की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, आणि टायर झिजतो. गुळगुळीत टायर लागेलच. मागचा अ‍ॅक्सल क्विक रिलीजचा नसून नटबोल्टचा असेल तर ट्रेनरच्या पकडीत तो बसेल असा अडॅप्टर लागतो.

खोक्यावरचे मोठे आकडे

कमाल वॉट, कमाल चढ, अचूकता हे तीन आकडे जाहिरातीत सगळ्यात ठळक असतात. वाहू किकर कोअरवर १८०० वॉट, १६ टक्के चढ आणि अधिक-उणे २ टक्के अचूकता लिहिलेली आहे. जेटब्लॅक व्हिक्टरीवर १८०० वॉट, १६ टक्के आणि अडीच टक्के. टॅक्स फ्लो या व्हील-ऑन ट्रेनरवर ८०० वॉट आणि ६ टक्के. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, तिसरा म्हणजे अगदीच लेचापेचा.

आता आपल्याकडचा खराखुरा चढ घ्या. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं, वर पोचल्यावर उंची सुमारे ११०० मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ रस्त्याचा नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के धरतात, नाइलाज असेल तिथे ७-८ टक्के. वळणावळणावर थोडा जास्त लागतो तो भाग वेगळा. तुम्ही ६५ किलोचे, सायकल १३ किलोची, चढ ६ टक्के, वेग ताशी १० किलोमीटर. गणित केलं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १२८ वॉट, टायरच्या घर्षणाला आणखी पंधरा-वीस. म्हणजे दीडशेच्या आत-बाहेर. १८०० वॉट हा ट्रॅकवरच्या स्प्रिंटरचा आकडा आहे. तुमच्या-माझ्यासारख्याला तो कधीच लागणार नाही.

चढाचंही तसंच. झ्विफ्टमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' नावाची सेटिंग मुळातच ५० टक्क्यांवर असते. स्क्रीनवर १२ टक्के दिसला तरी पायाला ६ टक्क्यांसारखा लागतो. त्यामुळे १० टक्के चढ देणाऱ्या ट्रेनरवरही सुरुवातीची काही वर्षं काही अडत नाही.

अचूकतेवर मी थोडा अडून बसेन, पण आकड्यावर नाही, सातत्यावर. २०० वॉटवर २ टक्के म्हणजे ४ वॉटचा फरक, ५ टक्के म्हणजे १० वॉटचा. तो रोज एकाच बाजूला चुकत असेल तरी चालतं, कारण आपण स्वतःच्याच मागच्या महिन्याशी तुलना करतो. व्हील-ऑनमध्ये हेच सातत्य टिकवणं कठीण. टायरमधली हवा, रोलर किती घट्ट दाबलाय, टायर किती तापलाय, सगळ्यावर वाचन हलतं. दर वेळी सारखी हवा भरायची, दहा मिनिटं चालवून तापवायचं आणि मग कॅलिब्रेशन करायचं. अमरावतीच्या मे महिन्यात सकाळी आणि संध्याकाळी टायर एकसारखा नसतो. शिस्त असेल तर जमतं. माझं मत विचाराल तर नवीन व्हील-ऑन स्मार्ट ट्रेनरवर पैसे घालू नका, सेकंडहँड स्वस्तात मिळाला तरच.

खरं लक्ष द्यायचं ते फ्लायव्हीलच्या वजनावर. पॅडल थांबवलं तरी चाक क्षणभर पुढे जातं, ती रस्त्यावरची जाणीव फ्लायव्हील देतं. किकर कोअरचं ५.४ किलोचं आहे. अगदी हलकं फ्लायव्हील असलं की चिखलातून सायकल ओढल्यासारखं वाटतं आणि आठवड्याभरात कंटाळा येतो.

खोलीत तुम्ही हीटर लावताय

हा भाग कुठल्याच परदेशी रिव्ह्यूमध्ये नीट नसतो, कारण तिकडे लोक हिवाळ्यात ट्रेनर वापरतात. आपण उन्हाळ्यात वापरणार.

माणसाचं शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोचवतं. पॅडलवर १५० वॉट द्यायला शरीर आत साधारण ६००-७०० वॉट जाळतं. उरलेली सगळी उष्णता. आणि पॅडलवर गेलेले १५० वॉट? रस्त्यावर ते तुम्हाला पुढे नेतात, ट्रेनरचा ब्रेक त्यांचीही उष्णताच करतो. म्हणजे तासभर खोलीत एक छोटा रूम हीटर चालू. वर दिवसभर तापलेला स्लॅब. शिवाय ताशी २५ किलोमीटरने चालवताना समोरून जो वारा लागतो तो इथे शून्य.

त्यामुळे ट्रेनर तळमजल्यावर, जमत असेल तर स्लॅबपासून सगळ्यात लांबच्या खोलीत ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपला डेझर्ट कूलर एसीपेक्षा कामाचा आहे, कारण तो वारा देतो आणि घाम वाळवतो. झोत छातीवर घ्या, ट्रेनरवर नको, इलेक्ट्रॉनिक्सवर तुषार उडतात. जुलैत दमट हवा आली की कूलरचं पाणी बंद करून नुसता मोठा पंखा आणि उघडी खिडकी. या दोन्हींची सोय घरात नसेल तर ट्रेनरच्या बजेटमधून आधी पंखा घ्या. आणि आत बसलोय म्हणून ऊन लागत नाही असं नाही. दुपारी चारला बंद खोलीत तासभर ट्रेनर चालवून चक्कर येऊ शकते. वेळ पहाटेचीच ठेवा. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला, घाम थांबला तर तिथेच उतरा, त्या दिवशीचं वर्कआउट अ‍ॅपमध्ये अर्धं दिसलं तरी चालेल.

घामात मीठ असतं. हँडलवर आणि फ्रेमवर टॉवेल टाकला नाही तर हेडसेटचे बोल्ट एका उन्हाळ्यात गंजतात.

दुसरा वऱ्हाडी मुद्दा लाइटचा. ट्रेनरला वीज फार कमी लागते, राउटरसकट घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, फक्त ते प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का ते बघा. कारण अवरोध निर्माण करायच्या पद्धती वेगळ्या आहेत. काहींत विद्युतचुंबक असतो, लाइट गेली की अवरोध एकदम नाहीसा होतो. तुम्ही उभं राहून जोर लावत असाल तर पाय सटकन खाली जातो. काहींत छोटी मोटर चुंबक मागेपुढे सरकवते, तिथे लाइट गेली तरी अवरोध आहे तिथेच राहतो. काही महागडे ट्रेनर तर पॅडलवरच वीज तयार करतात. ट्रेनर कुठल्या प्रकारचा आहे हे घेतानाच विचारा.

अ‍ॅप आणि फोन

झ्विफ्ट सगळ्यात प्रसिद्ध, पण त्याचं महिन्याचं भाडं जवळपास २० डॉलर आहे. वर्षभर भरलं तर तेवढ्यात साधा ट्रेनर येतो. मायवूश फुकट आहे, आणि फुकट म्हणून दुय्यम नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२४ पासून ई-स्पोर्ट्सची जागतिक स्पर्धा त्याच्यावर घेतली आहे, त्याआधी ती झ्विफ्टवर होती. सुरुवात मायवूशवरून करा. फक्त ते बऱ्यापैकी जड आहे, डाउनलोडच काही जीबी. कमी रॅमच्या फोनवर अडखळतं आणि कूलरपासून लांब ठेवलेला फोन मे महिन्यात तापून मंद होतो. त्यालाही वाऱ्यात ठेवा.

जोडताना एक गोष्ट हमखास छळते. बरेच ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. फोनवर कंपनीचं अ‍ॅप मागे उघडं असेल तर लॅपटॉपला ट्रेनर सापडतच नाही आणि आपण ट्रेनर बिघडला म्हणून डोकं धरून बसतो. बाकीची अ‍ॅप्स बंद करा. आणि फोनच्या सेटिंगमधून पेअर करू नका, थेट अ‍ॅपच्या आतून करा.

यावर खरं सायकलिंग होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये कोरोनामुळे रेस अक्रॉस अमेरिका रद्द झाली आणि तिची आभासी आवृत्ती घरोघरच्या स्मार्ट ट्रेनरवर झाली. त्यात आपल्या लष्करातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू तिसरे आले. बारा दिवस, एकाच जागी बसून.

मग घ्यायचं काय?

मित्राची सायकल सात-स्पीड फ्रीव्हीलवाली, आणि त्याला उन्हाळ्यात फक्त दम टिकवायचा आहे. त्याला मी साधा, बिनस्मार्ट ट्रेनर, गुळगुळीत टायर आणि छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा सांगितला. झ्विफ्ट वापरायचं असेल तर हजार-दोन हजारांचा स्पीड सेन्सर लावून अंदाजे वॉट मिळतात. साध्या ट्रेनरमध्ये फ्लुइडचा मिळाला तर तो घ्या, त्याचा अवरोध वेगाबरोबर आपोआप वाढतो, खटका बदलत बसावं लागत नाही.

आठ किंवा जास्त स्पीडची कॅसेट आहे, हिवाळ्यात २००-३०० किलोमीटरच्या बीआरएम करायच्या आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस बसण्याची खात्री आहे, तर एफटीएमएसवाला सुरुवातीच्या गटातला डायरेक्ट-ड्राइव्ह. २०२२ मध्ये झ्विफ्ट हब ४९९ डॉलरला आला तेव्हा हा गट एकदम स्वस्त झाला, आणि २०२४ मध्ये व्हिक्टरी ३९९ डॉलरला आला. डॉलर ८५ रुपये धरला तर ३४ हजार, त्यावर आयात शुल्क, जीएसटी आणि वाहतूक. परदेशी साइटवरचा आकडा बघून बजेट ठरवू नका. खोक्यात कॅसेट आहे का तेही विचारा, बऱ्याचदा ती वेगळी घ्यावी लागते.

वॉरंटीबद्दल नेमकं विचारायचं ते असं: बिघडला तर माणूस घरी येणार, की अठरा किलोचं धूड मला पुण्या-मुंबईला पाठवायचं, आणि तो खर्च कुणाचा? उत्तर लेखी घ्या. मूळ खोकं आणि आतलं थर्माकोल वर्षभर माळ्यावर ठेवा, आई कितीही ओरडली तरी. सेकंडहँड घेताना विक्रेत्याच्या घरी जाऊन वीस मिनिटं चालवा, घासल्याचा किंवा ठकठक आवाज येतो का ऐका, एनआरएफ कनेक्टवर १८२६ दिसते का बघा आणि अडॅप्टर मूळचा आहे का ते तपासा.

नवीन आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करून घ्या: एक तासभराची सलग राइड, अ‍ॅपमधून चढ बदलतो का याची चाचणी, आणि चालू राइडमध्ये मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवर तो टिकतो का ते. शेवटची चाचणी बसूनच करा, उभं राहून नको.